जिन्याच्या वळणावर

गुरुवारी एदेलमिराच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
आणि मंगळवारी मी वरचा पलंग खाली आणायला काढला.

बेत साधा होता.
सहा आठवडे तिनं जिना चढायचा नाही,
म्हणून झोपायची सोय स्वयंपाकघराशेजारी,
न्हाणीघराच्या भिंतीला धरायला स्टीलची दांडी,
कुबडी अडकू नये म्हणून गालिचा गुंडाळून माळ्यावर.
सगळं कागदावर लिहिलं होतं,
प्रत्येक कामापुढे चौकोन, खूण करायला.

एकही खूण झाली नाही.

दांडी बसवायला आलेल्या पोरानं
ड्रिल घातलं ते थेट पाइपात.
दुपारभर आम्ही बादल्या उपसत होतो
आणि तो, लाउतारो, रडायच्या बेतात.
एदेलमिरानं लंगडत जाऊन त्याला मेन कॉक दाखवला,
मग जेवायला वाढलं,
मग विचारलं, आई काय करते तुझी?
तेव्हा कुठे त्याच्या घशाखाली घास उतरला.

आणि पलंग.
त्रेचाळीस वर्षं मी वाल्पाराइसोच्या धक्क्यावर क्रेन चालवली.
चाळीस फुटी कंटेनर, सुटलेला वारा, खाली डुलणारं जहाज,
आणि मी दोन पेट्या अशा शेजारी ठेवायचो
की मधल्या फटीत काडेपेटी जाणार नाही.
तो मी. आणि साठ किलोचा पलंग
जिन्याच्या वळणावर अडकला.
ना वर, ना खाली.

शेजारचा एलेउतेरिओ आला.
म्हणाला, तिरका करा. केला.
म्हणाला, उभा करा. केला.
मग घरी जाऊन करवत घेऊन आला, म्हणाला, पाय कापू.
"कोणाचा?" एदेलमिरा खालून ओरडली,
"माझा तर गुरुवारी कापायचाच आहे."
हसताना माझ्या हातातली कड निसटली
आणि पलंग बसला, पाचर ठोकल्यासारखा.

रात्री घरात पाणी नाही. गादी वर, आम्ही खाली.
मी तोंड पाडून पायरीवर बसलेला.
ती एकेक पायरी करत वर आली,
हातात पाव, त्यावर कुस्करलेला अवोकाडो, मीठ जरा जास्तच,
आणि तिरक्या पलंगाच्या कडेवर टेकली,
बाकावर बसावं तशी.

तिथे एक खिडकी आहे, वहीएवढी.
मी तीनदा रंगवली आहे ती,
पण तिच्यातून कधी पाहिलं नव्हतं.
जिना काही थांबायची जागा नव्हे.
छपरांच्या उतरंडीखाली उपसागर,
धक्क्यावरचे दिवे.
"डावीकडून चौथी," ती म्हणाली. "तुझी."

"तुला काय माहीत?"

रात्रपाळी असली की ती इथे उभी राहायची,
मुलं झोपल्यावर. वाऱ्याच्या रात्री जास्त वेळ.
दिवा सरकतोय तोवर मी आहे.
थांबला की आकडे मोजायची.
"एकदा चारशेपर्यंत गेले.
मग वाटलं, मुतायला गेला असेल मेला."

चौकटीचा रंग एकाच जागी का उडतो
म्हणून मी लाकडाला शिव्या घातल्या होत्या,
रंगवाल्याशी भांडलो होतो.
आता तिनं कोपर टेकलं.
बरोब्बर तिथेच.

गुरुवारी मी दाराबाहेर बसेन
आणि मला कुठला दिवा दिसणार नाही,
हे मनात आलं. बोललो नाही.
करवत पायरीवर पडली होती.
उद्या बघू, एवढंच म्हणालो.

खाली जहाज भरत होतं.
चौथी क्रेन हलली, थांबली, पुन्हा हलली.
"कोण असेल वर?"
"असेल कोणी नवा पोरगा."
"फार सावकाश चालवतो."
"शिकेल."

पाव संपला तरी आम्ही उठलो नाही.
वारा सुटला होता,
आणि त्या पोरावर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं.